८×४२ दुर्बीण, सोलापूरचा माळ आणि अनोळखी पक्षी: दिवाळी ते पावसाळा वापरानंतर

८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं असलेली दुर्बीण. दुकानदार मात्र १०×५० गळ्यात मारायला बघतो. जास्त जवळ दिसतं, हे त्याचं खरंच आहे. पण सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीकडच्या उघड्या माळावर पक्ष्यासोबत हाताची थरथर आणि जमिनीवरून उठणारी गरम हवेची लहरही तेवढीच मोठी होते. ८×४२ मध्ये हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, त्यामुळे दोन पावलं पळून थबकणारा धाविक पक्षी नजरेतून निसटत नाही. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिमी, एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. पहाटेच्या अंधुक उजेडाला तो पुरतो.

हा अनुभव दहा हजारांच्या आतल्या, रूफ प्रिझमच्या (सरळ नळ्यांच्या) दुर्बिणीचा आहे. कंपनीचं नाव देत नाही, या किमतीत गुण-दोष बरेचसे सारखेच निघतात.

नवी दुर्बीण हातात आली की बहुतेक जण मधलं चाक फिरवून थेट पक्षी बघायला लागतात आणि थोड्या वेळानं डोकं दुखतंय म्हणतात. आधी दोन्ही नळ्या उघड-मीट करून एकच गोल दिसेल असं अंतर ठेवा. मग उजवी भिंग झाका, डाव्या डोळ्यानं पन्नासेक मीटरवरच्या पाटीवर मधल्या चाकानं फोकस करा. आता डावी झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडी जिथं थांबेल तिथं पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, कारण पिशवीत घासून ती सरकते. चष्मा असेल तर रबरी कप खाली, नसेल तर वर.

अनोळखी पक्षी दिसला की रंगाच्या मागे लागू नये. माळावर निम्मी पाखरं मातकटच. आधी चाल बघा, मग तोंडावरच्या रेषा, आणि उडालं की शेपटीच्या कडा. दुर्बीण डोळ्यावरून काढायची नाही, कारण शेपटी उघडते ती उडतानाच. धान तिरचिमणी सडपातळ, ताठ उभी राहते, चालत जाते, शेपूट हलवते आणि उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. मुरारी हा चंडोल ठेंगणा, जाड चोचीचा, शेपूट तांबूस आणि टोकाला काळपट. डोंबारी या चंडोलाचा नर पोटाखाली काळाकुट्ट, तो चुकत नाही. मादी मात्र चिमणी समजून सोडून दिली जाते. नर वर जातो आणि शिटी वाजवत सूर मारून खाली येतो, तिथंच आसपास मादीही शोधा. टिटव्यांत चोचीजवळची कातडी पिवळी आणि पायही पिवळे असतील तर माळटिटवी. धाविकाच्या डोळ्यावरून मागे जाणारी काळी-पांढरी पट्टी ८× मध्ये शंभर मीटरवरूनही स्पष्ट कळते.

हिवाळ्यात भोवत्ये (हॅरिअर, माळावर खालून उडणारे शिकारी पक्षी) येतात आणि खरी परीक्षा तिथं होते. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या राखाडी पंखावर आडवी काळी रेघ असते. पांढुरक्या भोवत्याचा नर फिका, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या दोन्हीकडे तपकिरी, कमरेवर पांढरा डाग. चेहरा नीट दिसला नाही तर वहीत नुसतं 'भोवत्या, मादी' लिहावं. नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

उन्हाळ्यात दुर्बिणीला शिव्या देऊ नयेत. मार्च लागला की साडेनऊनंतर लांबचा पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा हलतो. महागड्या दुर्बिणीतही तो हलणारच. गाडीतून बघताना एसी आणि इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि आत-बाहेरची हवा सारखी होऊ द्या. एसीची थंड हवा खिडकीतून बाहेर पडत असेल तर सगळं धूसर. बॉनेटवरून तर बघूच नये. गाडीतून उतरू नका, पाखरं गाडीला कमी आणि माणसाला जास्त बिचकतात. मार्च ते जूनमध्ये टिटव्या-चंडोलांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, पायाखाली येतील हे वेगळंच.

दुर्बिणीच्या जोडीला मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप ठेवा, मोफत आहे. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक घरीच वाय-फायवर उतरवून घ्या म्हणजे रेंज नसली तरी चालतं. ते जागा, तारीख, आकार, जास्तीत जास्त तीन रंग आणि पक्षी काय करत होता, एवढं विचारतं. आकारात रॉबिन येतो तिथं आपली साळुंकी धरा. फोटो हवा असेल तर रबरी कप वर करून मोबाइलची भिंग नेत्रभिंगाच्या मधोमध टेकवा. फोटो सुंदर येत नाही, पण पट्ट्या दिसतात. ॲपनं पहिलं सुचवलेलं नाव डोळे झाकून घेऊ नये. चंडोलांच्या बाबतीत सुचवलेली सगळी नावं उघडून शेपटी जुळवावी.

हिप्परगा तलावावर ही दुर्बीण तोकडी पडते. रोहित (फ्लेमिंगो) ओळखू येतात, लांबच्या चिखलातले छोटे तुतारी (सँडपायपर) वर्गातले पक्षी येत नाहीत. तिथं स्टँडवरचा स्पॉटिंग स्कोपच (जास्त मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण) हवा.

टिकाऊपणा ठीक. काळ्या मातीची धूळ फोकसच्या चाकात बसते आणि चाक करकरतं. आधी फुगा दाबून हवा मारा, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्स लिक्विड लावलेलं मायक्रोफायबर. सदऱ्याच्या टोकानं कोरडं पुसलं की कोटिंगवर ओरखडे येतात आणि ते जात नाहीत. रबरी कपांपैकी एक पावसाळ्यापर्यंत सैल झाला. सोबतचा पट्टा मानेला काचतो. दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस वेगळा घ्या. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलीत तर आतलं ग्रीस पातळ होऊन भिंगावर पसरू शकतं, मग ती दुकानातच उघडावी लागते.