वाचनालयातलं बॅकअप कोडचं पाकीट: आठ महिन्यांनंतर

बीड जिल्ह्यातल्या एका तालुका वाचनालयात ही सोय आहे. गूगल खात्याचे बॅकअप कोड (फोनवर ओटीपी येत नसेल तेव्हा पासवर्डनंतर त्याच्या जागी टाकायचे आकडे) कागदावर उतरवायचे, पाकीट बंद करायचं आणि ते ग्रंथपालांच्या कुलूपबंद कपाटात ठेवायचं. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या घरांना ती खास उपयोगी, कारण ९० दिवस न वापरलेलं प्रीपेड सिम, शिल्लक २० रुपयांच्या खाली असेल तर, बंद पडू शकतं. मग ओटीपी यायचा कुठे?

गूगल १० कोड देतं. प्रत्येक ८ आकडी आणि एकदाच चालणारा. ते वाचनालयाच्या संगणकावर डाउनलोड करू नयेत. फाइल तिथेच राहते आणि नंतर बसणाऱ्याला आयती सापडते. आपल्या फोनवर उघडून बॉलपेनने उतरवलेले बरे. आकडे मात्र इंग्रजीच काढावेत. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ दिसायला जुळे भाऊ, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. लिहून झालं की त्यातला एक कोड दुसऱ्या फोनवर वापरून पाहायचा आणि खोडायचा. उरले नऊ. ही चाचणी टाळली तर चूक नेमकी अडचणीच्या दिवशी कळते.

पाकिटावर ईमेल लिहू नये, फक्त नोंदवहीतला क्रमांक आणि तारीख. जोडावर आडवी सही, वर पारदर्शक टेप. आत पासवर्ड ठेवायचाच नाही. तो नसेल तर गूगलचे कोड चोराच्या काही कामाचे नाहीत.

पावतीच्या थर्मल कागदावर छापलेले कोड मराठवाड्याच्या मे महिन्यात फिके पडतात. त्यावर उपाय म्हणून लॅमिनेशन केलं, तर उष्णतेने तो कागद काळाच होतो. इंकजेटची शाई ओल लागली की पसरते. कपाटात कसर असतेच, तेव्हा पाकीट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हवं. पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवणारे ग्रंथपाल उगाच आत्मविश्वास बाळगतात.

कोणी घरी बसून 'नवे कोड' दाबलं की जुना संच त्याच क्षणी बाद होतो, आणि कपाटातलं पाकीट मात्र तसंच खरं वाटत राहतं. बदलले की त्याच आठवड्यात पाकीट बदलायचं, जुनं आपल्यासमोर फाडायचं.

वाचनालय सुट्टीच्या दिवशी बंद असतं. त्यामुळे दुसरी प्रत घरच्या पेटीत लागतेच, पण पासवर्डच्या वहीत नको.