बीएलडीसी पंख्यांचे पाच महिने: मीटरच्या लाल दिव्याने काय दाखवलं

उन्हाळा लागायच्या जरा आधी घरातले तीन जुने छताचे पंखे उतरवले आणि बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचे कमी वीज खाणारे पंखे लावले. आज त्याला पाच महिने झाले. अख्खा उन्हाळा या पंख्यांखाली काढला. घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते, पण बहुतेक पहिल्या आठवड्यातले. दिसायला छान, आवाज नाही, पार्सल वेळेवर आलं. वीज खरोखर किती वाचते, चार महिन्यांनी काय बिघडतं, हे कुठेच सापडेना. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी मोजणीबद्दल, कारण खोक्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरवरच छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त एक पंखा चालू ठेवून दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजायचे. ३२०० वाल्या मीटरला ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की उत्तर थेट वॉटमध्ये येतं. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा.

एका संध्याकाळी मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभा राहिलो आणि मुलगा हॉलमध्ये बटणं दाबत होता. हॉलचा जुना पंखा पूर्ण वेगात: पंधरा सेकंद. म्हणजे ७५ वॉट. बेडरूमच्या जुन्या पंख्याला ते मोठं, गरम होणारं रेग्युलेटर होतं. तो तीनवर ठेवला तर वीस सेकंद, म्हणजे ५६ वॉट. वेग निम्म्यावर आणला तरी वीज काही निम्मी झाली नव्हती. अशा जुन्या रेग्युलेटरमध्ये पंख्याची वीज कमी होते, पण त्यातला काही भाग रेग्युलेटर स्वतःच उष्णता करून उडवतं. छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हा प्रकार बराच कमी असतो.

नवे पंखे लागल्यावर तीच मोजणी पुन्हा केली. हॉलचा पंखा पूर्ण वेगात ३८ सेकंद, म्हणजे तीस वॉटच्या आत. मग बेडरूमचा तीनवर ठेवला आणि दिव्याकडे बघत राहिलो. लुकलुकेचना. मुलाने आतून ओरडून विचारलं, "बाबा, झालं का?" शेवटी ८५ सेकंदांनी दिवा चमकला. तेरा वॉट! इतका फरक निघेल असं मला वाटलं नव्हतं, खरंच आनंद झाला.

फरक येतो तो मोटरमुळे. साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्यात रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, वीज प्रेरित करून चुंबकत्व तयार करावं लागतं, आणि पंख्याच्या आकाराच्या छोट्या मोटरमध्ये या व्यवहारात विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. बीएलडीसीमध्ये रोटरवर कायमचे चुंबक बसवलेले असतात, आणि आतलं सर्किट गुंडाळ्यांना बरोबर वेळेवर वीज देत राहतं. जुना पंखा उतरवण्याआधी दुपारभर चाललेला होता. वायरमनने बंद करून मोटरच्या घुमटावर हात ठेवायला सांगितलं. हात फार वेळ ठेवता येईना. नव्या पंख्याचा घुमट दिवसभर चालूनही कोमट असतो. उन्हाळ्यात ही गोष्ट दुहेरी कामाची, कारण पंखा खातो ती वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन उरते.

आता महिन्याचा हिशोब. हॉलचा पंखा दिवसाला चौदा तास, दोन बेडरूमचे अकरा-अकरा तास. एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले असं धरलं तर तिघांचे मिळून महिन्याला ४८ युनिट होतात. किंमत वसूल कधी होईल हे ज्याने त्याने काढावं. साध्या आणि या पंख्याच्या किमतीतला फरक घ्या, वाचणाऱ्या युनिटांनी आणि तुमच्या दराने भागा. टप्प्यांचे दर असतील तर सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर धरा, कारण वाचलेली युनिटं तिथलीच वजा होतात.

पण माझ्या बिलात उतरलेला मोठा आकडा पंख्यांचा नाही, एसीचा आहे. हे आधी लक्षातच आलं नव्हतं. आम्ही इन्व्हर्टर एसी रात्रभर २३ वर ठेवून पंखा बंद करायचो. पंखा लावला की एसी वाया जातो, अशी घरात ठाम समजूत होती. आहे ते नेमकं उलट. अंगावरून हवा वाहत राहिली की घाम सुकतो आणि तापमान दोन-तीन अंशांनी कमी असल्यासारखं वाटतं. तेव्हा एसी २७ वर आणि पंखा दोनवर, असं करून पाहिलं. पहिल्या रात्री बायकोने मध्येच उठून रिमोट तपासला, एसी चालू आहे ना म्हणून. तिसऱ्या रात्रीपासून कुणी काही बोललं नाही. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहीत गेलो. २३ ला आठ तासांत एसीची सहाच्या आसपास युनिटं जायची, ती साडेचारवर आली. पुढे टायमर लावून पहाटे चारला एसी बंद आणि नुसता पंखा, असं सुरू केलं तेव्हा साडेतीनपर्यंत उतरली. बाहेरची रात्र कमी-जास्त गरम असते त्यामुळे आकडा रोज हलतो, पण दोन महिन्यांच्या वहीत कल स्पष्ट दिसतो. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं सांगतात, ते माझ्या नोंदींशी जुळलं.

हे जुन्या पंख्यानेही जमलं असतं का? जमलं असतं. पण जुना पंखा कमी वेगावर घरघरायचा, म्हणून तो एसीसोबत कुणाला नको असायचा. नवा दोनवर ठेवला तर ऐकूच येत नाही.

आता त्रासाचं.

बसवताना पहिली चूक माझीच. हॉलमध्ये भिंतीवरचं जुनं रेग्युलेटर तसंच राहू दिलं, रिमोट आहे तर ते पाचवर असू दे म्हणून. दोन दिवसांत पंखा गुणगुणायला लागला आणि मधूनमधून अडखळायला लागला. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं की रेग्युलेटर काढून वायर थेट बटणाला द्या. मी ते पान वाचलंच नव्हतं. या पंख्याच्या सर्किटला पूर्ण आणि स्वच्छ वीज लागते, रेग्युलेटरने कापलेली चालत नाही. वायरमनने दहा मिनिटांत वायर थेट केली आणि आवाज गेला.

दुसरा त्रास आईच्या खोलीत. पहिल्याच दुपारी आई म्हणाली, "अरे, हा वारा देतो की नुसताच फिरतो?" मला वाटलं पंखाच कमी ताकदीचा आला. खोक्यावर एअर डिलिव्हरी, म्हणजे पंखा किती हवा फेकतो ते, पाहिली, तर ती जुन्याच्या तोडीची होती. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं की नव्या पंख्यासोबत आलेला रॉड आखूड होता आणि पाती छताला जवळजवळ चिकटून फिरत होती. वरून हवा ओढायला जागा नसेल तर खाली फेकणार काय? पाती आणि छत यांत निदान फूटभर अंतर हवं, आणि जमिनीपासून पाती सात फुटांच्या वर. लांब रॉड लावला, त्याच दुपारी आई चादर मागायला लागली.

रिमोटचंही तिला जड गेलं. अंधारात सापडत नाही, बटणं सगळी सारखीच. आता तिच्या पलंगाजवळ भिंतीवर रिमोटचा खण बसवलाय आणि वेग वाढवायच्या बटणावर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावलाय, बोटाला लगेच कळतो. घरात वयस्कर माणूस असेल तर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल बघा. बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो, अशी सोय काहींमध्ये असते. आणि दोन पंखे एकाच खोलीत लावणार असाल तर एका रिमोटने दोन्ही हलतात का, हे आधी विचारा.

चौथ्या महिन्यात बेडरूमचा पंखा एका रात्री थांबला. फिरायचा प्रयत्न करून एक झटका द्यायचा आणि बंद. सर्किट गेलं होतं. कंपनीचा माणूस यायला सहा दिवस लागले, ऐन उकाड्यात. वॉरंटीत सर्किट बदलून मिळालं, पैसे लागले नाहीत, पण ते सहा दिवस आम्ही सगळे हॉलमध्ये झोपलो. साध्या पंख्याचा कपॅसिटर कुठलाही वायरमन बदलून देतो. याचं सर्किट मात्र त्याच कंपनीचं लागतं. म्हणून घेताना वॉरंटीची वर्षं आणि सर्किट सुटं मिळतं का, हे दोन प्रश्न विचाराच. माझ्या दृष्टीने हा या पंख्यांचा खरा दोष आहे.

काही गोष्टी न मागता मिळाल्या. व्होल्टेज पडलं की जुने पंखे मंदावायचे, हे जराही मंदावत नाहीत. वीज गेल्यावर बॅटरीवर तीन पंखे मिळून नव्वद वॉटच्या आत चालतात, त्यामुळे आधी जेवढा वेळ पंखे मिळायचे त्याच्या दुपटीहून जास्त मिळतात.

पंख्याची मर्यादाही सांगायला हवी, कारण यात तब्येतीचा प्रश्न आहे. पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो. रिकाम्या खोलीत चालू ठेवला तर नुसती वीज जाते. आणि खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या वर गेली तर पंखा उलट अंग तापवतो. अशा वेळी तो वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि दोन दुपारी तशा आल्या. आईला सरळ एसीच्या खोलीत आणलं, अंगावर ओलं कापड फिरवलं. तिथे युनिटांचा विचार करायचा नाही.

त्या दुपारींमुळेच पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली. आतला पडदा ओढायचो तेव्हा ऊन काचेतून आत येऊन पडदा तापवायचं आणि ती धग खोलीतच राहायची. जाळी लावण्याआधी संध्याकाळी खिडकीच्या आतल्या चौकटीला हात लावला की चटका बसायचा. आता बसत नाही, आणि एसी संध्याकाळी सहाऐवजी नऊला लागतो. पंख्यांच्या आधी मी ही जाळीच बांधायला हवी होती.

स्वयंपाकघरातला चौथा पंखा मात्र जुनाच ठेवलाय. दिवसाला जेमतेम तीन तास चालतो, बदलून महिन्याला चार युनिटं वाचतील. तो बंद पडेल तेव्हा बघू.