१०६६ : हॅरॉल्ड की विल्यम, कोणाचा दावा भक्कम?

५ जानेवारी १०६६ रोजी इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला. हॅरॉल्ड राजघराण्यातला नव्हता. तो राणी इडिथचा भाऊ, म्हणजे एडवर्डचा मेहुणा. पण सरदार आणि बिशपांच्या सभेने, विटानने, त्याला निवडलं होतं आणि अँग्लो-सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज रिवाजात या मान्यतेला मोठं वजन होतं.

उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम रक्ताच्या नात्यावर बोट ठेवत होता. एडवर्डची आई एमा ही विल्यमच्या आजोबांची बहीण. मात्र हे नातं आईकडचं, इंग्लंडच्या राजवंशाचं नव्हे. म्हणून त्याचा खरा भर एडवर्डने १०५१ च्या सुमारास दिलेल्या गादीच्या वचनावर आणि हॅरॉल्डने संतांच्या अवशेषांवर हात ठेवून विल्यमच्या दाव्याला पाठिंबा देण्याच्या घेतलेल्या शपथेवर होता. या दोन्ही गोष्टी मुख्यतः नॉर्मन लेखकच सांगतात. शिवाय शपथ घेताना हॅरॉल्ड ड्यूकच्या मुलखात, त्याच्याच मर्जीवर होता. अशी शपथ बंधनकारक मानणं मला पटत नाही; हॅरॉल्डची बाजू सरस ठरते.

निव्वळ रक्त पाहिलं तर दोघांच्याही आधी एडगर येतो. एडवर्डचा सावत्र भाऊ आणि आधीचा राजा एडमंड आयर्नसाइड याचा हा नातू कोवळ्या वयाचा होता, हाताशी फौज नव्हती.

१४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ विल्यमच्या फौजेशी लढताना हॅरॉल्ड आणि त्याचे भाऊ गर्थ व लिओफवाइन पडले. लंडनकरांनी एडगरला निवडलं, पण काही आठवड्यांतच शरणागती पत्करली. २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यमनेही इंग्रज रिवाजाप्रमाणे उपस्थितांचा होकार घेतलाच. तो गलका म्हणजे दगाफटका समजून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांनी घरं पेटवली.