कार्बन डायऑक्साइड मीटर: तीन महिने वर्गात वापरून

नववीला बंद जागेतली हवा शिकवताना फळा पुरत नाही, म्हणून पदरचे पैसे घालून हा मीटर घेतला. सकाळी रंकाळ्यावर आकडा ४३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास. पावसामुळं खिडक्या लावलेल्या वर्गात, पन्नास पोरं, तिसऱ्या तासाला २,१००! पोरं गप्पच झाली.

मग बायोस्फिअर-२ या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९९१ मध्ये ॲरिझोनात आठ माणसं काचेच्या बंद घरात दोन वर्षांसाठी गेली. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ च्या आसपास उतरला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषत होतं; हवेत तो तेवढा वाढलेला दिसेना, म्हणून कारण लवकर कळेना. आपल्या वर्गाला निदान खिडक्या आहेत, असं एक मुलगी म्हणाली. मला फार बरं वाटलं.

घेताना इन्फ्रारेड सेन्सर आहे ना, एवढं नक्की बघा. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज दाखवतात. बॅटरी मात्र कच्ची, दुपारपर्यंतच टिकते. चार्जर सोबत ठेवा. अधूनमधून गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवून आकडा जुळवून घ्यावा लागतो.