जर्मन भूतकाळाचा सराव करून घेणारे ॲप : वर्षभराचा अनुभव

वार्षिक वर्गणीचे १,८०० रुपये न विचारता पुन्हा कापले गेल्याचा संदेश गेल्या आठवड्यात आला नसता, तर हे लिहायला मी बसलेही नसते. जर्मनच्या ए-२ परीक्षेसाठी केवळ क्रियापदांचे काळ घोटून घेणारे हे ॲप मी वर्षभर रोज वीस मिनिटे वापरते आहे. वर्तमानकाळ आणि 'वेर्डेन' लावून होणारा भविष्यकाळ यांविषयी तक्रार नाही; ते चाळीस रुपयांच्या वहीतही घोटून होतात.

माझे भांडण आहे ते पेर्फेक्टशी, म्हणजे बोलण्यातल्या भूतकाळाशी. त्याला 'हाबेन' किंवा 'झाइन' यांपैकी एक साहाय्यक क्रियापद लागते आणि ॲप नुसते मूळ क्रियापद दाखवून त्यांतले एक निवडायला सांगते. 'फारेन' (वाहनाने जाणे किंवा वाहन चालवणे) आले की उत्तर 'झाइन'च. परंतु वाहनाने पुण्याला गेले तर 'इश बिन नाख पुणे गेफारेन' आणि गाडी स्वतः चालवली तर 'इश हाबे दास आउटो गेफारेन' असे म्हणतात ('बिन' आणि 'इस्ट' ही 'झाइन'ची रूपे, 'हाबे' आणि 'हात' ही 'हाबेन'ची); समोर वाक्यच नसेल, तर निवड करायची कशावरून? ग्राहक सेवेला तीनदा लिहिले. तिन्ही वेळा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढेच उत्तर आले.

खरे तर मराठी माणसाला असा भेद परका नाही. 'मी गेले', पण 'मी आंबा खाल्ला'. कर्म आले की भूतकाळी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यावरून मी 'अकर्मक असेल तेथे झाइन' असा सोयीचा नियम बांधला आणि तो 'श्लाफेन'पाशी कोसळला. झोपणे अकर्मक, तरी 'हात गेश्लाफेन'. झोप लागणे, म्हणजे 'आइनश्लाफेन', मात्र 'इस्ट आइनगेश्लाफेन', कारण तेथे अवस्था बदलते. ही जोडी ॲपने शेजारीशेजारी ठेवली, चार दिवसांनी पुन्हा विचारली, मग पंधरवड्याने विचारली, आणि आता ती माझ्याकडून चुकत नाही, हे मान्य केले पाहिजे.

येथवर लिहून झाल्यावर खातरजमा करण्यासाठी सेटिंग उघडले, तर तळाशी 'वाक्यासह सराव' असा पर्याय सापडला. तो मुळातच बंद ठेवलेला होता; सुरू करताच 'फारेन'ची दोन्ही रूपे येऊ लागली. म्हणजे माझी अर्धी तक्रार मागे घ्यावी लागते, परंतु तीन उत्तरांपैकी एकातही हे एक वाक्य कोणाला लिहिता आले नाही, याचा राग त्यामुळे वाढलाच. शिवाय आमच्या व्हिएन्नाच्या सहकारी बाई बसण्यासाठी सर्रास 'इश बिन गेझेसेन' म्हणतात. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत ते रूढ आहे, तरी ॲप त्यावर अजूनही लाल फुली मारते.

पैसे परत मिळणार नाहीत असे कळवण्यात आले आहे, तेव्हा भरलेले वर्ष मी पुरेपूर वसूल करणार. वर्गणी आपोआप भरली जाण्याची सोय मात्र आजच बंद केली.