टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? शापोऱ्याच्या मुखाशी एकाच होडीवर दोन्ही आउटबोर्ड वापरल्यानंतर

उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीच्या चोपडे काठावर आमची एकोणीस फुटी फायबरची होडी असते. अनेक वर्षे तिच्या मागच्या फळीवर टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या बाहेर टांगायचे इंजिन, होते. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर तिथे ९.९ अश्वशक्तीचे नवे फोर-स्ट्रोक बसवले, पण जुने इंजिन विकले नाही. दोन्ही आलटूनपालटून वापरात राहिली. होडी तीच, जाळी तीच, माणसे तीच आणि बदलले ते फक्त इंजिन, त्यामुळे पुढील तुलना बऱ्यापैकी सरळ आहे असे मी मानतो. कोणत्या कंपनीचे इंजिन घेतले हे मुद्दामच लिहीत नाही, कारण येथे सांगण्यासारखा जो फरक आहे तो कंपनीचा नसून प्रकाराचा आहे.

इंजिन ९.९ अश्वशक्तीचेच का, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, परंतु १० अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन असलेल्या आणि गिलनेट (मासा कल्ल्यांत अडकणारे जाळे) वापरणाऱ्या नोंदणीकृत लहान होड्यांना त्यातून सूट मिळते. साहजिकच लहान होडीवाल्याची निवड दहाच्या आतच होते आणि प्रश्न उरतो तो दोन स्ट्रोक की चार एवढाच.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होऊन जोर मिळतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा मिळतो. म्हणून तेवढ्याच अश्वशक्तीसाठी फोर-स्ट्रोकला मोठा सिलिंडर, शिवाय व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅमशाफ्ट आणि तळाशी तेलाचे भांडे लागते. हा सगळा संसार वजनात उतरतो. तोहात्सू या जपानी कंपनीचे ९.८ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक १६९ सीसीचे आणि २६ किलोचे आहे. त्याच शक्तीचे तिचे फोर-स्ट्रोक २०९ सीसीचे आणि ३७ किलोचे भरते. कागदावर अकरा किलो म्हणजे काहीच वाटत नाही. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलातून ते खांद्यावर घेऊन वर चढताना मात्र त्या अकरा किलोंचा हिशेब कंबर मांडते.

फोर-स्ट्रोकने पहिल्या दिवसापासून मन जिंकले ते संथ कामात. जाळे टाकताना आणि ओढताना होडी अगदी हळू पुढे सरकत राहावी लागते, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. जुने इंजिन एवढा वेळ हळू चालवले की धूर मागून येऊन थेट जाळे ओढणाऱ्याच्या तोंडावर बसायचा, आणि त्यानंतर गती वाढवायला गेले की ते अडखळायचे, कारण तेलमिश्रित पेट्रोल पूर्ण न जळता प्लगवर काजळी धरते. प्लग काढून पुसणे हा आमच्याकडे जाळे धुण्याइतकाच नित्याचा उद्योग झाला होता. नवे इंजिन त्याच कामात शांतपणे चालत राहते आणि नाळेवर बसलेल्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येते. शिवोलीच्या पुलापासून वर कामुर्लीकडे जाताना, जिथे दोन्ही काठांना खारफुटी आहे आणि पाणी आरशासारखे असते, तिथे शेवटे मासे गळाला लावणाऱ्यांना या शांततेचे मोल नक्कीच कळेल. पाण्यावरचा तवंगही गेला. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा पाव हिश्श्याच्या आसपासचा भाग न जळताच एक्झॉस्टमधून थेट पाण्यात जाऊ शकतो. होडी नांगरून इंजिन चालू ठेवले की तो सप्तरंगी पट्टा डोळ्यांनी दिसायचा. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ मध्ये अशा इंजिनांवर बंदी आली ती याच कारणाने.

पेट्रोलचा फरक ठळक आहे. आग्वादच्या बाजूला जाऊन परत येण्याला पूर्वी जिथे साधारण आठ लिटर लागत, तिथे आता पाच-साडेपाचात भागते. पूर्ण वेगाने पळवले तर हा फरक कमी होतो. हळू चालवले तर वाढतो. याशिवाय टू-स्ट्रोकला दर लिटरमागे वीस मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक या प्रमाणात, टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचे तेल मिसळावे लागते. मोटारसायकलचे टू-टी तेल येथे चालत नाही, कारण आउटबोर्ड नदी-समुद्राच्या पाण्याने थंड होते आणि त्या कमी तापमानाला राख न सोडणारे वेगळे तेल लागते. पहाटे काळोखात बॅटरीच्या उजेडात तेल मोजून डब्यात ओतण्याचे काम सुटले, याचे समाधान घरातल्या सर्वांत तरुण माणसाला सर्वाधिक झाले.

आता दुसरी बाजू, जिच्याविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत.

नदीच्या मुखाशी, शापोऱ्याचा किल्ला आणि मोरजीचा किनारा यांच्यामध्ये, वाळूचे पट्टे आहेत आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते आणि समोरून लाट आत येत असते, तेव्हा त्या पट्ट्यावर लाट फुटते. दोन लाटांच्या मधली मोकळीक साधून पलीकडे जायचे असेल तर हँडल फिरवताक्षणी जोर यावा लागतो. टू-स्ट्रोक तिथे अक्षरशः उडी घेते. फोर-स्ट्रोकलाही जोर आहे, पण तो क्षणभर उशिरा येतो, आणि वजन मागे असल्याने होडीची मागची बाजू थोडी जास्त बसते. काही महिन्यांच्या सवयीने हात आधीच फिरू लागतो हे खरे. तरीही हवा वाढलेली असेल त्या दिवशी आमचा तांडेल आजही जुनेच इंजिन लावायला सांगतो आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही.

इंजिन उतरवून ठेवण्याचाही प्रश्न आहे. टू-स्ट्रोक पाणी निथळल्यावर कोणत्याही कुशीवर वाळूत ठेवता येते. फोर-स्ट्रोक ज्या कुशीवर ठेवायला पुस्तिकेत सांगितले आहे त्याच कुशीवर ठेवावे लागते. उलट्या बाजूला झोपवले तर तळातले तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि पुढच्या वेळी दोरी ओढली की एकतर ती हलत नाही किंवा निळा धूर निघतो. ज्या बाजूवर ठेवायचे त्या बाजूला कव्हरवर आम्ही पांढऱ्या रंगाने बाण काढला आहे. चार वेगवेगळी माणसे इंजिन उचलतात तिथे हाच उपाय टिकतो.

देखभालीत सर्वांत जास्त छळले ते कार्ब्युरेटरने. लहान फोर-स्ट्रोकमधील संथ गतीचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, केसासारखा बारीक असतो, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे दमट हवेतले पाणी शोषून घेते. दिवाळीनंतर काही आठवडे होडी बांधून ठेवली होती. त्यानंतर इंजिन सुरू झाले, पण अर्ध्या हँडलच्या खाली टिकेना. म्हापशाहून आलेल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर काढून उजेडाकडे धरला, तेव्हा जेटच्या तोंडाशी हिरवट, डिंकासारखा थर दिसला. ‘‘बाब, हें घरांत उकतें करपाचें न्हय,’’ म्हणजे हे घरी उघडायचे नाही, असे बजावून त्याने ते साफ केले आणि पैसेही त्या मानाने भरपूर घेतले. तेव्हापासून मी किनाऱ्याला लागण्याआधी पेट्रोलची नळी काढून टाकतो आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू देतो. तक्रार पुन्हा आली नाही. फ्युएल इंजेक्शन असलेल्या मॉडेलमध्ये हा त्रास कमी असतो, पण त्यात काही बिघडले तर आमच्या गावात ते उघडणारा कोणी नाही.

टू-स्ट्रोकचे प्लग, नळी, थंड करणारे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा एवढे पाहिले की बहुतेक दुखणी घरीच संपतात. फोर-स्ट्रोकचे तेल पहिल्या वीस तासांनी आणि पुढे दर शंभर तासांनी बदलावे लागते, अधूनमधून व्हॉल्व्हची फटही तपासून घ्यावी लागते. तेलकांडी मात्र रोज पाहावी: पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सतत थंड आणि हळू चालल्याने पेट्रोल तेलात उतरते आहे असे समजावे आणि परतताना थोडा वेळ चांगल्या वेगाने चालवावे. खारे पाणी आणि मुखाकडची वाळू मात्र दोन्ही इंजिनांना सारखीच खाते. गोड्या पाण्याने आतून धुणे, गंज स्वतःवर घेणारी जस्ताची वडी वेळेवर बदलणे, पंपाचा पंखा दर हंगामाला पाहणे यांत दोहोंसाठी सवलत नाही.

माझ्या मते निवड ठरते ती होडी रात्री कुठे असते यावरून. जेटीला किंवा नदीत नांगरावर होडी असेल, काम बहुतेक नदीत आणि किनाऱ्याजवळ संथ गतीचे असेल, तर फोर-स्ट्रोकच घ्यावे. जास्तीची किंमत पेट्रोलमधून भरून निघते. आमच्यासाठी ती दोन-तीन हंगामांत निघेल असे दिसते. मांद्रे, केरीसारख्या उघड्या किनाऱ्यावर रोज होडी वाळूत ओढावी लागत असेल, इंजिन रोज काढून घरी न्यावे लागत असेल आणि लाटांतून थेट बाहेर पडायचे असेल, तर हलके टू-स्ट्रोक अजूनही सरस आहे. ते जुने घ्यायची वेळ आली तर कव्हरचा रंग पाहू नका. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचे काँप्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, आणि दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर किंमत कितीही उतरली तरी ते इंजिन घेऊ नका.