शौचातून रक्त: मूळव्याधीचं औषध पुरेल, की कोलोनोस्कोपी हवी?

संडासात रक्त दिसलं की घरातल्या घरात निदान होऊन जातं: मूळव्याध. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण मूळव्याधीचा कोंब सापडला म्हणजे रक्त तिथूनच येतंय हे सिद्ध होत नाही. मूळव्याध आणि आतड्याचा कॅन्सर असे दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, आणि घोटाळा इथेच होतो.

आधी रक्त नीट बघा. (आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, तेही आठवा.) मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंब थेंब पडतं, सहसा दुखत नाही. गुदद्वाराच्या भेगेचं (फिशरचं) रक्त थोडंच, पण कापल्यासारखं दुखतं आणि आग तास-दोन तास राहते. वय कमी असेल, भूक-वजन ठीक असेल, तर प्रॉक्टोस्कोपी (गुदद्वारातून छोटी नळी घालून तपासणी) करून 2 ते 4 आठवडे उपचार करून बघणं रास्त आहे. रात्री 2 चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यातून घ्या. पाणी कमी पडलं तर तेच आत घट्ट बसतं.

याउलट रक्त मळात कालवलेलं, सोबत शेंबडासारखी चिकट आव, जाऊन आल्यावरही पुन्हा कळ, झोपेतून उठवणारे जुलाब, महिनाभर बदललेली शौचाची सवय, घटलेलं वजन किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन, यातलं एक जरी असेल तर मलम लावत बसू नका. वय 45च्या पुढे असेल किंवा आई-वडील, भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तरीही कोलोनोस्कोपीबद्दल (कॅमेऱ्याच्या लांब नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) विचारा. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रॉक्टोस्कोपी ओपीडीतच काही मिनिटांत उरकते, पण शेवटचे काही सेंटीमीटरच दिसतात. कोलोनोस्कोपीत साधारण दीड मीटरचं मोठं आतडं दिसतं, पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली छोटी गाठ) सापडला तर बहुधा तिथेच काढता येतो. खर्च आणि तयारी मात्र जास्त: लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद, दोन दिवस पालेभाज्या आणि बियांची फळं नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

कोलोनोस्कोपी फसते ती बहुतेक वेळा, आधी पोट साफ करायला प्यायच्या पावडरच्या पाण्यावर. अर्धं पिऊन मळमळलं की लोक उरलेलं ओतून देतात. मग मळाआड बारीक पॉलिप लपतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. शेवटी पडणारं पाणी लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ दिसलं पाहिजे. ते अजून गढूळ असेल, तर निघण्याआधीच सेंटरला फोन करा.